नाइलाज कोणी लिहिला?

युद्ध, सत्ता आणि माणसाच्या तगून राहण्याच्या विज्ञानकथा-अद्भुतकथांवर वाद सुरू झाला, की दोन्ही बाजूंची भाषणे पाठ असल्यासारखी येतात. एक बाजू म्हणते, परग्रहावरच्या लढाया, ड्रॅगन आणि जगबुडीनंतरच्या टोळ्या ही सगळी वास्तवापासूनची पळवाट. शिवाय कोवळ्या डोक्यांत हिंसा भरते ती वेगळीच. दुसरी बाजू लगेच यादी काढते. रणगाडा आधी कथेत आला, अणुबॉम्ब आधी कथेत आला, रोबो हा शब्दच मुळी एका नाटकातून आला, तेव्हा या लेखकांना द्रष्टे म्हणा. पहिल्या बाजूने ही पुस्तके सहसा वाचलेली नसतात. दुसरीने वाचलेली असतात, पण पंचांग वाचावे तशी.

कथा खरी ठरली का आणि तीत रक्त किती सांडले, या दोन्ही प्रश्नांवर भांडण्यात मला हशील दिसत नाही. कथेतला माणूस ‘आता दुसरा इलाजच नाही’ म्हणून शस्त्र उचलतो, कुणाला तरी मागे सोडतो, एखादे शहर किंवा ग्रह जाळतो, तेव्हा तो नाइलाज आला कुठून, हे आपण विचारायला हवे. वास्तववादी युद्धकादंबरी लिहिणाऱ्याला हिवाळा, सरहद्द, उपासमार आयती मिळालेली असते. त्यात तो फार ढवळाढवळ करू शकत नाही. काल्पनिक जगाचे तसे नाही. तिथे हवा किती शिल्लक आहे, इंधन कितीला पुरेल, शत्रूला बोलता येते की नुसते गुरगुरता येते, हे सगळे लेखक ठरवतो. म्हणजे तिथली अपरिहार्यता लिहिलेली असते. ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली आणि लिहिणाऱ्याने आपला हात लपवला की दाखवला, यावर मी अशा कथेची किंमत करतो.

आधी भविष्यवेधाचे बोलू, कारण तो दावा वरवर फार भक्कम दिसतो. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली छापलेल्या कादंबरीत ‘अणुबॉम्ब’ हा शब्द वापरला, हे खरे. पण त्यांचा बॉम्ब विमानातून हाताने खाली टाकायचा होता आणि एकदा पडला की तो दिवसेंदिवस फुटतच राहायचा. यंत्र म्हणून ते सपशेल चुकले. ती कादंबरी १९३२ मध्ये लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने वाचली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याला अणुसाखळीची, म्हणजे एक अणू फुटला की त्यातून पुढचे फुटत जातील अशी, कल्पना सुचली. इथवरची गोष्ट यादीवाले रंगवून सांगतात. पुढची सांगत नाहीत. झिलार्डने त्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि ते गुप्त राहावे म्हणून ब्रिटिश नौदलाच्या हवाली केले. कादंबरीतून त्याने उचलली होती ती धास्ती. तरीही १९३९ मध्ये आइन्स्टाइनच्या सहीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना गेलेल्या पत्रामागे तोच होता, कारण आता एक नवा नाइलाज समोर होता: हिटलरने आधी बनवला तर?

हा नाइलाज खोटा नव्हता. पण तो संपला तेव्हा काय झाले? जर्मनी बॉम्ब बनवत नाही असे १९४४च्या अखेरीस दिसू लागल्यावर जोसेफ रॉटब्लाट हा शास्त्रज्ञ अमेरिकेचा बॉम्ब-प्रकल्प सोडून निघून गेला. बाकीचे काम करत राहिले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला, जुलैत झिलार्डने बॉम्ब वापरू नये म्हणून सहकाऱ्यांच्या सह्यांचा अर्ज फिरवला आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा झाले. ज्या कारणाने काम सुरू झाले ते कारण नाहीसे झाले होते. काम मात्र त्याच्याशिवाय चालू शकले. वेल्सने बॉम्बचा अंदाज केला होता की नाही, ही यापुढे फारच किरकोळ बाब वाटते.

पळवाटीच्या आरोपाला मी एवढा वेळ देणार नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किन १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सॉमच्या खंदकांत होते आणि महायुद्ध संपेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सारे मेले होते. ‘द फॉरेव्हर वॉर’ लिहिणारे जो हाल्डमन व्हिएतनाममध्ये जखमी झाले होते. ही माणसे युद्धातून परत आली होती. त्यांच्या कथांना पळपुट्या म्हणण्याआधी म्हणणाऱ्याने निदान खंदकाचे नाव तरी घ्यावे.

आता मूळ मुद्दा. टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही १९५४ची कथा या साहित्यप्रकारातल्या सर्वांत गाजलेल्या कथांपैकी एक आहे. दूरच्या ग्रहावर काही माणसे आजारी आहेत. त्यांच्यासाठी औषध घेऊन एक लहान यान निघाले आहे आणि त्यात नेमके लागेल तेवढेच इंधन आहे. भावाला भेटायच्या ओढीने अठरा वर्षांची एक मुलगी यानात लपून बसते. फार तर दंड होईल, अशी तिची समजूत. तिच्या वजनाने यान उतरताना कोसळणार, म्हणजे ती, चालक आणि ती आजारी माणसे, सगळेच मरणार. चालक दुष्ट नाही. तो तिला भावाशी बोलू देतो, पत्रे लिहू देतो. मग ती स्वतःच यान आणि बाहेरची पोकळी यांच्यामधल्या कोठडीत जाऊन उभी राहते, आणि तिला अवकाशात सोडून दिले जाते. निसर्गाच्या नियमांना दयामाया नसते, एवढेच लेखकाला सांगायचे आहे.

कथा ताकदीची आहे, हे आधी कबूल करतो. माझा तिच्यावर राग असूनही शेवटची पाने वाचताना दर वेळी घसा दाटतो. तिच्यामागचा हेतूही समजण्यासारखा होता. त्या काळच्या विज्ञानकथेत शेवटच्या पानावर कुणीतरी हुशार अभियंता दोन तारा जोडून सगळ्यांना वाचवत असे, आणि कथा छापणाऱ्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना ती सवय मोडायची होती. गॉडविन मात्र मुलीला वाचवायच्या युक्त्या काढून कथा पाठवत राहिले आणि कॅम्पबेल ती परत पाठवत राहिले. त्या मुलीचे मरण गुरुत्वाकर्षणाने ठरवले नव्हते. दोन माणसांच्या टपालात ते ठरले.

आता यानाकडे पाहा. आणीबाणीत धाडायच्या वाहनात इंधनाचा थेंबभरही जास्तीचा साठा नाही. कोणताही शहाणा अभियंता पूल बांधताना अपेक्षित ओझ्याच्या कितीतरी पट ओझे धरून चालतो, आणि इथे अख्खे यान एका माणसाच्या वजनाने कोसळते. बरे, अशा यानाच्या दाराला कुलूप नाही, नुसती पाटी आहे. उड्डाणाआधी आत कोण आहे हे कुणी बघत नाही, यानाचे वजन कुणी करत नाही. लपणाऱ्याला मारायचे, असा नियम मात्र आधीच लिहून तयार आहे. म्हणजे हा प्रसंग पूर्वी घडलेला आहे, याने धाडणाऱ्या खात्याला ठाऊक आहे, आणि खात्याने कुलपाऐवजी मृत्युदंडाचा नियम निवडला आहे. गणित निसर्गाचे म्हणून दाखवले जाते, त्यातले आकडे खात्याने भरलेले आहेत. आपण मुलीसाठी रडतो, चालकाची कणव करतो, भौतिकशास्त्रापुढे हात टेकतो. यान बांधणाऱ्याचे नाव विचारायचे आपल्याला सुचत नाही, आणि सुचू नये अशीच कथा रचलेली आहे.

हा काथ्याकूट वाटेल. पण प्रत्यक्ष जगात असा प्रसंग एकदा न्यायालयापुढे आला आहे. १८८४ साली मिन्योनेट नावाची छोटी यॉट इंग्लंडहून सिडनीकडे नेली जात असताना भर अटलांटिकमध्ये बुडाली. चौघे होडीत उतरले. जवळ सलगमचे दोन डबे, गोडे पाणी नाही. जवळजवळ तीन आठवड्यांनी कप्तानाने आणि त्याच्या दुय्यमाने सर्वांत धाकट्या, आजारी पडलेल्या सतरा वर्षांच्या पोऱ्याला मारले आणि उरलेल्यांनी तो खाल्ला. चिठ्ठ्या टाकायचे बोलणे झाले होते, पण टाकल्या नाहीत. चार दिवसांनी जहाज आले. कप्तानाने सगळे उघड सांगितले. दर्याचा रिवाजच तसा आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि लोकांची सहानुभूतीही त्याच्याच बाजूने होती.

न्यायालयाने दोघांना खुनाचे दोषी धरले. मुख्य न्यायाधीशांचे म्हणणे थोडक्यात असे होते: गरज होती की नव्हती हे ठरवणार कोण? ज्याचा त्यात फायदा आहे त्यानेच ठरवायचे? आणि त्या पोऱ्याचाच जीव का, जास्त धडधाकट माणसाचा का नाही? फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली, म्हणजे त्या माणसांची अवस्था कुणी नाकारली नाही. न्यायालयाने नाकारला तो ‘नाइलाज’ या शब्दाचा हक्क. माझ्या मते हा निकाल नंतरच्या शेकडो जगबुडी-कथांपेक्षा शहाणा आहे.

इथे विरोधकाचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो. अडचण घातल्याशिवाय कथा होईलच कशी? प्रत्येक लेखक पट मांडतो, सोंगट्या ठेवतो, बाहेरचे रस्ते बंद करतो. मग या कथांनाच वेगळा न्याय का? शिवाय माणसाला कोंडीत पकडून त्याचे खरे रूप पाहणे, हे तर साहित्याचे जुनेच काम. मला हे मान्य आहे. कोंडी करायला माझी हरकत नाहीच. हरकत आहे ती कोंडी करणाऱ्याने सही पुसून टाकण्याला. अर्सुला ले ग्विन यांच्या ओमेलासच्या कथेत (१९७३) अख्ख्या नगरीचे सुख तळघरात कोंडलेल्या एका पोराच्या दुःखावर उभे आहे. हिशेब गॉडविनचाच: एक जीव विरुद्ध सगळे. पण ले ग्विन हा हिशेब आपल्या डोळ्यांसमोर मांडतात. ही अट का आहे, कुणी घातली, याचे कारण देतच नाहीत. उलट निवेदिका वाचकालाच विचारते, आता तरी ही माणसे खरी वाटतात ना? म्हणजे तळघरातले पोर दाखवल्यावरच तुम्हाला सुखावर विश्वास बसला ना? नाइलाजाला चटावलेले आपण आहोत, हे ती तिथल्या तिथे पकडते. आणि मग काही माणसे त्या नगरीतून उठून चालू लागतात.

हाल्डमन दुसऱ्या रस्त्याने जातात. त्यांच्या कादंबरीत हजार वर्षांहून जास्त चाललेले युद्ध शेवटी खोट्या कारणावरून सुरू झाले होते असे निघते. परग्रहावरच्या शत्रूशी बोलायची सोय झाली तेव्हा पहिला प्रश्न असतो, तुम्ही हे सुरू का केलेत? ‘नाइलाज’ या शब्दावर सैनिकांच्या पिढ्या संपल्या, आणि तो शब्द कुणीतरी भरलेला होता, हे वाचकाला शेवटी कळते. कळते, हे महत्त्वाचे.

अद्भुतकथेत हाच डाव शत्रूच्या जन्मात खेळला जातो. शत्रू जातीनेच दुष्ट असला की त्याला मारताना विचार करायचे काम उरत नाही. टोल्किनही यातून सुटले नाहीत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले ओर्क ही त्यांनी केलेली जन्मवध्य जात आहे. पण या माणसाचा मोठेपणा असा, की ते त्यांना आयुष्यभर खुपत राहिले. ओर्क आले कुठून, त्यांना आत्मा आहे का, ते सुधारू शकतात का, यावर ते पुन्हा पुन्हा लिहीत गेले आणि कोणत्याच उत्तरावर स्थिरावले नाहीत. शिवाय त्याच कादंबरीत शत्रूचीच अफाट ताकदीची अंगठी वापरण्याचा सगळ्यात शहाणा, व्यवहारी, देशभक्त युक्तिवाद त्यांनी बोरोमिर या योद्ध्याच्या तोंडी घातला आहे: शत्रू दाराशी आलाय, हाती शस्त्र आहे, मग वापरायचे नाही तर काय करायचे? आणि त्याला नकार देणे हाच कथेचा कणा केला. नकलाकारांनी ओर्क उचलले, बोरोमिर सोडून दिला.

या सगळ्याने बिघडते काय, कथाच तर आहेत, असे कुणी म्हणेल. वाचक दुधखुळा नसतो, हे खरे. पण कथेतली गृहीतके कथेबाहेर चालू लागतात तेव्हा त्यांच्यावरची कथेची चिठ्ठी गळून पडलेली असते. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘अंधारे अरण्य’ या कादंबरीतला (२००८) सिद्धांत पाहा. विश्वातली प्रत्येक संस्कृती आधी स्वतः जगू पाहते, ती वाढत जाते, पण द्रव्य तेवढेच राहते. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून जो दिसेल त्याला आधी मारा. आज राष्ट्रांच्या भांडणांवर बोलतानाही लोक हे अरण्य बिनदिक्कत पुढे करतात. गंमत म्हणजे खुद्द कादंबरीतच सांगितले आहे, की संशयाची ही साखळी पृथ्वीवर तयार होत नाही, कारण माणसे एकाच जातीची आहेत आणि बोलून संशय फेडू शकतात. ते वाक्य मागे राहिले, अरण्य पुढे आले.

१९८३ हे एकच वर्ष घेतले तरी दोन्ही दिशांची ताकद दिसते. मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अवकाशातून क्षेपणास्त्रे अडवण्याची योजना जाहीर केली. तिचा पाठपुरावा करणाऱ्या सल्लागार मंडळात चक्क विज्ञानकथा-लेखक बसलेले होते. सप्टेंबरमध्ये स्तानिस्लाव पेत्रोव्ह या सोव्हिएत अधिकाऱ्यासमोरच्या यंत्राने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचे दाखवले. नियमानुसार हल्ल्याची वर्दी द्यायची होती. खरा हल्ला असता तर फक्त पाच आली नसती, असा विचार करून त्याने ही खोटी धोक्याची सूचना असल्याचे कळवले, आणि तसेच निघाले. शरदात रेगन यांनी अणुयुद्धानंतरच्या एका अमेरिकी शहराची कथा सांगणारा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट पाहिला आणि आपण फार खिन्न झाल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले. त्या चित्रपटात आधी बटण कुणी दाबले हे शेवटपर्यंत कळत नाही, त्यामुळे कुठल्याच बाजूला ‘आमचा नाइलाज होता’ म्हणायची सोय उरत नाही. चित्रपटाने अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला १९८७चा क्षेपणास्त्र-करार घडवला असे मी म्हणणार नाही. राजकारण इतके हळवे नसते. पण त्या वर्षी काय पाहिले गेले, याची नोंद ठेवावी.

तगून राहण्याच्या कथांबद्दल थोडेच. बेटावर अडकलेली मुले बघता बघता रानटी होतात, हे आपल्याला एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीने १९५४ मध्ये पटवले. १९६५ साली टोंगामधली सहा मुले खरोखरच एका निर्जन बेटावर पंधरा महिने अडकली. त्यांनी पावसाचे पाणी साठवले, विस्तव विझू दिला नाही, एकाचा पाय मोडला तो बाकीच्यांनी बसवून दिला, भांडण झाले की दोघांनी लांब जाऊन डोके थंड करून यायचे असे ठरवून घेतले. ही मुले आधीपासूनची मित्र होती आणि बेटावर खायला होते, तेव्हा यावरून मनुष्यस्वभाव सिद्ध करू नये. तेवढ्याच न्यायाने कादंबरीवरूनही करू नये.

आपल्याकडे युद्धात सगळे संपल्यावर काय उरते याची सर्वांत मोठी कथा आहे ती महाभारत, आणि ती मी इथे ‘आमच्याकडे ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्बच होता’ म्हणणाऱ्यांसाठी काढत नाही. ती यादीवाल्यांचीच देशी शाखा. मला खांडववन आठवते. अग्नीला भूक लागली आहे, एवढ्या कारणावरून कृष्ण आणि अर्जुन अरण्याला वेढा घालतात आणि बाहेर पडू पाहणाऱ्या प्राण्यांना परत आगीत लोटतात. व्यासांनी इथे नजर वळवलेली नाही. उकळत्या तळ्यांत मेलेले मासे आणि कासवे त्यांनी लिहून ठेवली आहेत. तक्षकाची बायको मुलाला वाचवताना मरते. मुलगा अश्वसेन निसटतो आणि पुढे कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनाच्या गळ्याचा वेध घेतो. मयासुर वाचतो, आणि त्याने बांधलेल्या सभेत दुर्योधनाची फजिती होते. खांडवातून सहा जीव वाचले असे व्यास मोजून सांगतात, आणि त्यांतल्या दोघांचा हिशेब पुढे असा चालू राहतो.

आणि ही सगळी गोष्ट सांगितली जाते कुठे? सर्पसत्रात. तक्षकाने परीक्षिताला दंश केला म्हणून परीक्षिताचा मुलगा जनमेजय सापांची जातच्या जात जाळायला बसला आहे. मुलगा म्हणून कर्तव्य, राजा म्हणून कर्तव्य, शिवाय मांडलेले सत्र अर्धवट कसे सोडायचे. त्याच्यापाशी नाइलाजांची कमतरता नाही. तक्षक इंद्राच्या आसऱ्याला गेला तर ऋत्विज ‘इंद्राय तक्षकाय स्वाहा’ म्हणून दोघांनाही ओढायला तयार. त्या सत्राच्या अधल्यामधल्या वेळात वैशंपायन राजाला त्याच्या कुळाची कथा सांगतो. खांडवही सांगतो. तक्षकाचे वन जाळणारा अर्जुन हा राजाचा पणजोबा.

मग आस्तिक येतो. बाप ऋषी, आई वासुकीची बहीण, म्हणजे अर्धा नागच. तो राजाची स्तुती करतो, राजा वर माग म्हणतो, आणि हा पोरगा सत्र थांबव म्हणतो. राजा सोने देऊ करतो, रुपे देऊ करतो, गायी देऊ करतो; ते सोडून काहीही माग म्हणतो. तोवर तक्षक इंद्राच्या हातून सुटून आगीकडे निघालेला असतो. आस्तिक वर बघून तीनदा ‘थांब’ म्हणतो, आणि खाली राजा हो म्हणेपर्यंत तो नाग तसाच अधांतरी राहतो.